गोराई ते वर्सोवा, एका चुकीच्या पाईपसह

ऐंशीच्या दशकातली ही सफर. तेव्हा मी विक्रोळीच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होतो. माझा दोस्त अँटन तिथेच इलेक्ट्रिशियन. एकदा डबा उघडता उघडता तो म्हणाला, "पप्पा बोट विकायला निघालेत रे. मागे भर समुद्रात इंजिन बंद पडलं, दुसऱ्या बोटीने ओढून आणलं. तेव्हापासून हातच लावत नाहीत."

"इंजिन मी बघतो, वायरिंग तू बघ," मी म्हणालो. "वर्सोव्यापर्यंत नेऊन आणू. मग विकायची तर विकू देत."

शनिवारी रजा टाकून निघालो. बोरिवली पश्चिमेहून जेट्टीपर्यंत बस, तिथून फेरीबोटीने पाचेक मिनिटांत पलीकडे. गोराई गावात जायला टांगे मिळतात. जाणाऱ्यांनी एक करावं, भरती-ओहोटीची वेळ विचारून निघावं. आम्ही ओहोटीत पोचलो आणि बोटीपर्यंत जाताना चपला हातात घेऊन गुडघाभर चिखल तुडवला.

अँटनचे वडील पास्कूकाका काठावर जाळं दुरुस्त करत बसले होते. "या," एवढंच म्हणाले.

बोटीची अवस्था वाईट होती. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर, खाऱ्या हवेने वायरी काळ्या पडलेल्या. अँटनने टोकं गरम पाण्याने धुतली, घासली, ग्रीस लावलं आणि खराब वायरी बदलल्या. मी डिझेलचा फिल्टर उघडला तर तळाशी पाणी. तो साफ केला, ऑइल बदललं, पट्टा ताणला. समुद्राचं पाणी इंजिन थंड करायला आत ओढलं जातं, त्या वाटेवरचा रबरी पाईप चिरला होता. मी येताना आणलेला नवा, मऊ पाईप बसवला. स्टार्टरचं बटण दाबल्याबरोबर इंजिन सुरू झालं. आम्ही दोघंही खूश.

रविवारी सकाळी ओहोटीबरोबर निघालो. अँटनच्या आईने फुगे आणि बोंबलाची चटणी बांधून दिली होती. फुगे म्हणजे तिथल्या ख्रिस्ती घरांतले तळलेले, हलके, गोल पाव. खाडीच्या तोंडाशी मनोरी मागे टाकलं आणि दक्षिणेला वळलो. डाव्या हाताला आक्साची वाळू, मग एरंगळच्या माडांची रांग. सुकाणू काकांकडे. मी चटणी-फुगे खात किनारा बघत होतो.

"पानी पडत नाय," काका अचानक म्हणाले.

इंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची धार बंद झाली होती. मी झाकण उचललं तर तळहात भाजला आणि गरम वाफ अंगावर आली. इंजिन बंद केलं. आता फक्त वाऱ्याचा आवाज, आणि वारा आम्हाला मढच्या खडकांकडे ढकलत होता. काकांनी नांगर टाकला. तो आधी घसरला. खडकांवर फुटणारा फेस स्पष्ट दिसायला लागला तेव्हा कुठे त्याने तळ धरला.

खाली वाकून बघितलं. माझा नवा पाईप मधोमध चपटा झाला होता. पंपाच्या ओढीने आणि उष्णतेने मऊ रबर चिकटून पाण्याची वाट बंद झाली होती.

"पाईप खराब निघाला, पप्पा," अँटन घाईने म्हणाला. "दुकानदाराने फसवलं."

"नाही काका," मी म्हणालो. "पाईप चांगला आहे, पण पाणी ओढायच्या जागेचा नाही. तिथे आतून तार असलेला पाईप लागतो. मला कळायला हवं होतं. चूक माझी."

काका माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता तोफ सुटणार.

"दाखव," ते म्हणाले.

मी समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व बंद करून पाईप काढला. काकांनी त्याचं एक तोंड हाताने दाबलं आणि दुसऱ्या तोंडाने हवा ओढली. पाईप चपटा झाला. त्यांनी सोडला, परत ओढला. "अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे इंजिनाचा दोष नाय."

अँटनने जाड तार पान्याच्या दांड्याभोवती गुंडाळून स्प्रिंग केली, मी ती पाईपात सरकवली. इंजिन निवेपर्यंत अर्धा तास थांबलो. मग पाईप बसवला, व्हॉल्व उघडला. अँटनने बटण दाबलं. पहिल्याच दाबात इंजिन लागलं आणि बाजूने धार पडली. काका धारेखाली हात धरून बसले.

"परत जायचं?" अँटनने विचारलं.

"वर्सोवा बोललो ना? मग वर्सोवा."

वर्सोव्याला बोटीचं सामान विकणाऱ्याकडून तारेचा पाईप घेतला. तो बसवताना काकांनी पान्याला मला हात लावू दिला नाही. मी सांगत गेलो, ते करत गेले. हे कशाला, ते कुठे जातं, प्रत्येक नळीचं विचारलं. मग चहा पिताना हळूच म्हणाले, "शिडाच्या बोटीवर मोठा झालो मी. हे मशीन आलं, पण कोणी उघडून दाखवलं नाय. पोराला काय विचारायचं म्हणून मीपण गप्प."

अँटनने आपल्या कपातला अर्धा चहा त्यांच्या कपात ओतला.

भरतीबरोबर परत आलो. परतीत इंजिनाचं झाकण काकांनी तीनदा उचललं, काही बिघडलं नसताना. बोट विकली गेली नाही.

बोरिवलीला घरी पोचलो तेव्हा कपडे डिझेलने माखलेले, तळहात भाजलेला. आईने विचारलं, "झाली का मजा?" मी सगळं सांगितलं, पाईपसकट. सांगताना लाज वाटली, पण लपवावंसं वाटलं नाही.

एरंगळचे माड, आक्साची वाळू आता धूसर झालीय, पण तो पाईप लख्ख आठवतो. काका ओरडले असते तर मी तो पाईप कधीच विसरलो असतो, फक्त ओरडा आठवला असता. पुढे मी फोरमन झालो. हाताखालचा कुणी मान खाली घालून "साहेब, माझ्याकडून चुकलं" म्हणाला, की मी खुर्चीतून उठायचो आणि म्हणायचो, "चल, दाखव."