माझ्याच घरात मी राहत नव्हतो

आधी तोंडातला घोट गिळून घ्या. मग ठसका लागला तर माझ्या नावाने ओरडू नका! भल्याभल्या साहेबांशी भांडणाऱ्या या माणसाने स्वतःलाच कसं बेघर ठरवलं, ते ऐका.

साठ-बासष्टची गोष्ट. यवतमाळात मी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो, राहायला कामगारांची सरकारी चाळ. एक दिवस जाहीर झालं, भाडेकरूंना खोल्या मालकीच्या मिळणार! अट एवढीच, भाडेकरू बायकोपोरांसह स्वतः तिथे राहत असला पाहिजे. साहेब घरोघरी तपासणीला येणार, पोटभाडेकरू सापडला की नाव कापलं.

"कापून तर पाहा म्हना!" मी चाळीच्या मधोमध उभा राहून गरजलो. "कौलं म्या चढवली, मोरी म्या बांधली. घर माहंच!"

अख्खी चाळ नियम विचारायला माझ्याकडे यायची. मग काय विचारता, माझी मान आभाळाला!

आणि तपासणीच्या आदल्या दिवशी बाभुळगावहून मेहुणा सहकुटुंब टपकला. लग्नाची खरेदी! एवढी माणसं पाहून साहेब पोटभाडेकरूच समजणार की नाही?

"सगळ्यांईले युसूफभाईकडे पाठव," मी बायकोला म्हटलं.

"अन् पाव्हने जेवतीन काय?" गया म्हणाली.

"तूबी जाय. त्याच्या अंगनात रांध."

युसूफभाई आमचा शेजारी, मोटार मेकॅनिक. मी त्याला पढवून ठेवलं, कोणी विचारलं तर सांग, ही सगळी तुझीच माणसं. त्याने छातीवर हात ठेवून कबूल केलं.

मग मी घराला लागलो. भिंतींना चुना दिला, जमीन सारवली. अंथरुणं, भांडी, ट्रंका, सगळी अडगळ युसूफभाईकडे. चुलीतली राख खरवडून काढली आणि चूलसुद्धा पांढऱ्या मातीने सारवली. घर कसं लख्ख!

सकाळी साहेब कारकुनाला घेऊन आले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि वाकून चुलीत हात घातला.

"राख कुठे आहे?"

"साफ केली, साहेब!"

"अंथरूण?"

"शेजारी."

"भांडी?"

"शेजारी."

"बायको?"

आता आली का पंचाईत! "तेबी शेजारीच," मी पुटपुटलो.

"मग इथे राहतं कोण?"

माझं डोकंच सणकलं. "चला, दाखवतो!" म्हणत मी साहेबांना तडक युसूफभाईच्या अंगणात नेलं. तिथे गया भाकरी थापत होती, पोरं खात होती आणि माझ्याच खाटेवर मेहुणा घोरत होता.

युसूफभाईने हात जोडले. "साहेब, हे सगळी माहीच मानसं हाय!"

"अरे, हे माही बायको हाय!" मी ओरडलो.

"बहीन हाय माही, साहेब. दरसाल राखी बांधते." गडी शब्दाचा पक्का! आणि बोलला तेही खरंच होतं.

साहेब कारकुनाला म्हणाले, "लिहा. बाई भावाकडे राहते. खोली रिकामी."

"लिहून तर पाहा!" मी त्यांच्या वाटेत फतकल मारली. "पोलीस बोलवा, कलेक्टर बोलवा, मी हालत नाही!" घर हातचं चाललं होतं हो!

गया उठली. पिठाच्या हाताने तिने चुलीतलं जळतं लाकूड उचललं, तरातरा आमच्या खोलीत गेली आणि ते सारवलेल्या चुलीत खुपसलं. वर काटक्या घातल्या. ओली माती तडतडली, खोलीभर धूर झाला. मागोमाग आलेले साहेब खोकून बेजार.

"घ्या, होते आता राख," ती म्हणाली. "साहेब, या घरात राह्यनारी मी हाय. हे नुसते नियम वाचनारे!"

साहेब डोळे पुसत पुसत हसले. खोली मिळाली. पण कागदावर नाव कोणाचं चढलं, ते विचारू नका.

आजही आमचं वाजलं की ती बोट दाखवते दाराकडे. पण मीही काही कोणाचं ऐकून घेणारा नाही. ताठ मानेने उठतो आणि बाहेर जाऊन बसतो.