मुलांच्या खोल्या

लहानपणी आम्ही पाच भावंडं माजघरात एका गोधडीखाली लाथा मारत झोपायचो. आपल्या मुलांच्या नशिबी हे नको, म्हणून आम्ही नवरा-बायकोने दोन्ही मुलांना वेगळ्या खोल्या बांधल्या. मुलं नोकरीला पुण्याला गेली. खोल्या खराब होऊ नयेत म्हणून आम्ही कुलपं घातली आणि स्वतः पडवीत झोपू लागलो.

कोकणात पावसाळाभर बंद खोलीला बुरशी येते हे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्ही दोघं निवृत्त शिक्षक.

यंदा गणपतीला मुलं आली, कुबट वासाने नाकं मुरडली आणि दापोलीच्या हॉटेलात राहिली. ती गेल्यावर आम्ही भिंती पुसल्या, गाद्यांना ऊन दाखवलं.

बायको म्हणाली, "आज आत झोपूया."

"नको," मी कुलूप लावत म्हटलं, "खराब होतील."