कुंपणाची दुसरी तार

सन दोन हजार अठरा. मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि आमच्या निर्ण्याच्या आसपास दहा गावांत विहिरीचं काम म्हटलं की माझंच नाव निघायचं. त्या साली एका माणसानं माझ्या दोराला दोन्ही हातांनी हिसका मारला आणि म्हणाला, "अण्णा, दोर चांगला हाय. आन् तुटला तर?"

मला राग आला. चौथीपर्यंत शिकलेलो मी, पण दोराचं मला कुणी शिकवावं?

"तुटत न्हाई," मी म्हणालो.

"व्हय. पण तुटला तर?"

असा तो माणूस. तुम्ही बघितलं असतं तर तुम्हीही हसला असता. खिशाला दोन पेनं, नाकावर एक चष्मा आणि पिशवीत दुसरा. पायात चप्पल, पिशवीत आणखी एक जोड. आमच्या वस्तीतलाच, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. शिकला, कुठल्याशा मोठ्या कचेरीत हिशेबाचा साहेब झाला आणि तीस वर्षं परमुलखात राहिला. बाप वारल्यावर वावर आणि विहीर त्याच्याकडं आली. त्या उन्हाळ्यात तो तीन महिन्यांची रजा काढून आला. आल्या आल्या "जय भीम, अण्णा" म्हणत माझ्या दारात उभा. विहिरीतला गाळ काढायचा होता.

कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी त्याला डिवचलं. "साहेब, समदं दोन-दोन ठिवता. मग बायको एकच कामून केली?"

तो हसला नाही. पाण्याकडं बघत म्हणाला, "एकच होती. ती गेली, तवापासून दोन-दोन ठिवायलोय."

मी पुन्हा तसलं काही बोललो नाही.

माझी माणसं खाली गाळात, मी चाकापाशी, आणि तो मोटारीच्या खोलीच्या ओट्यावर कागद पसरून बसायचा. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येक कागदावर दगड. एक दिवस माणसं जेवायला गावात गेली तेव्हा मी विचारलं, "काय लिहायलाव एवढं?"

"अंदाजपत्रक."

"कशाचं?"

त्यानं इकडं तिकडं बघितलं. पाच एकर वावरात आम्ही दोघं आणि एक म्हैस. तरी आवाज खाली आणून म्हणाला, "समुद्राचं."

मी मोठ्यानं हसलो. समुद्र मी जन्मात बघितला नव्हता, आणि आमच्याकडं उन्हाळ्यात हापशाला पाणी येत नाही.

"हसू नका. तुमी जास्तीत जास्त किती परस खाली उतरलाव?"

"चौदा." हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. विहीर आम्ही तशीच मोजतो.

"तिथं पाचशे परस हाय."

चौदा परसावरून वर बघितलं की आभाळ परातीएवढं दिसतं. पाचशे परसावरून काय दिसत असेल? आणि तेही सगळं पाणीच.

त्यानं थोडं थोडं करून सांगितलं. तळाला जुनं काहीतरी बुडालेलं होतं आणि त्यातून वाईट झिरपत होतं. त्याच्यावर सारखी नजर ठेवायची. वाढलं की लोखंडी खोलीत बसून तीन माणसं खाली जाणार आणि त्याच्यावर झाकण बसवून येणार. बुडालेलं कुणाचं, कुठं, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. "पोटात ठिवा," म्हणाला. मी ठेवलं. आज लिहितोय ते एवढ्याचसाठी की तो माणूस मला पुन्हा दिसला नाही, आणि ते काम पुढं कसं झालं हे मला कुणी सांगणार नाही. असल्या कामाची बातमी येत नसते.

गंमत म्हणजे कागदावर समुद्र हा शब्दच नव्हता. त्यानं वाचून दाखवलं. लोखंडी खोली म्हणजे 'पाण्याची टाकी'. नजर ठेवायची यंत्रं म्हणजे 'दिवे व पंखे'. झाकण म्हणजे 'छताची डागडुजी'. खोली ज्या पोलादी दोराला लटकणार तो 'कुंपणाची तार'. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, 'कुंपणाची तार, दुसरी'.

"म्हंजे पैसे देणाऱ्याला बी ठावं न्हाई?"

"त्याला तर मुळीच न्हाई."

मी मांडीवर थाप मारून हसलो. सरकारदरबारी इतकं खोटं इतकं नीट लिहिलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग एक दिवस फोन आला. तो विहिरीभोवती चकरा मारत बोलायला लागला. "सर, दुसरी लागतेच... नाही, कारण सांगता येणार नाही... हो सर, एकाच कुंपणाला." तिकडचा माणूस हसला, ते मलाही ऐकू आलं.

फोन ठेवून तो ओट्यावर बसला. "म्हणतेत, एका कुंपणाला दोनदा तार कामून? तुमचं जनावर लई दांडगं हाय का?"

"मग सांगा की, तीन माणसं टांगायचीत म्हणून."

"तेच सांगता येत न्हाई ना, अण्णा. आन् ती ओळ काढली न्हाई तर फाईल माघारी. पुन्हा वर्षभर बसा. झिरपणारं काय वर्षभर थांबतंय व्हय?"

दोन दिवस तो नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसला. डाक्टरकडं बघावं तसं माझ्या तोंडाकडं बघत होता.

"अण्णा, चाळीस वर्षं तुमी माणसं खाली सोडलाव. किती दोरांनी?"

"एका."

"तुटला कधी?"

मी तंबाखू मळत होतो. अंगठा थांबू दिला नाही. "निर्ण्यात कुणाला बी इचारा. ज्याला आपल्या हाताचा भरवसा न्हाई, त्याला दुसरा दोर लागतो."

"एकदाबी न्हाई?"

"एकदाबी न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पेढे घेऊन आला. तोंडावर तेज होतं. माझ्या डब्यातली भाकर मागून खाल्ली, वर अर्धी आणखी खाल्ली. मग म्हणाला, "काढली ती ओळ. उद्या सकाळच्या गाडीनं फाईल घेऊन चाललो. लई दिवसांनी झोप लागली, अण्णा. तुमच्यामुळं."

"काढली?"

"तुमी चाळीस वर्षं म्हणलाव ना."

मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. एवढी पुस्तकं शिकलेला माणूस. ज्याला चपलेच्या जोडाचाही भरवसा नाही, त्यानं तीन जीव माझ्या एका बोलण्यावर टांगले? बढाई मारायची माझी जुनी खोड. लोक ऐकतात, हसतात, घरी जातात. ती कुणी कागदावर उतरवेल, त्या कागदावरून माणसं पाण्यात उतरतील, हे मला स्वप्नात आलं नसतं. तंबाखूची डबी हातातून पडली आणि गडगडत गाळाच्या ढिगात गेली. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण त्यानं माझ्या तोंडात पेढा घातला होता. तो उठून, पँट झटकून, शीळ घालत गेला.

माझा दोर तुटला होता. पंचवीस वर्षांपूर्वी, कोहिनूर गावच्या शिवारात. खाली उतरत होता माझा जोडीदार माणिक. दोराचे दोन पीळ उसवलेले मी सकाळीच बघितले होते आणि म्हणालो होतो, आजचा दिवस निघतोय. वर मी एकटाच होतो. लोक जमायच्या आत मी चाकावर नवा दोर चढवला, खाली उतरून तुटका गाळात पुरला, आणि आल्या-गेल्याला सांगितलं, पिऊन उतरला, चक्कर आली, हात सुटला. माणिक सणासुदीला घ्यायचा, म्हणून सगळ्यांना पटलं.

त्याचा मुलगा शंकर आता चाळिशीला आला. निर्णा फाट्यावर चहाचं हॉटेल चालवतो. बापासारखं नको म्हणून त्यानं दारूला कधी हात लावला नाही. बापाचा फोटोही कुठं लावला नाही. माझ्याकडून मात्र चहाचे पैसे घेत नाही. बापाला खांद्यावर घालून मी वर आणलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी फाट्यावर पोचलो. साहेब गाडीत बसलेला होता, खिडकीपाशी, मांडीवर फाईलीची पिशवी. गाडी चालू होती आणि कंडक्टर कानडीत "लगू बर्री, लगू बर्री" म्हणून घाई करत होता. शंकरचं हॉटेल गाडीपासून पाच पावलांवर. इंजिनच्या आवाजात हळू बोलून भागणार नव्हतं.

मी खिडकीचा गज धरला आणि ओरडलो, "साहेब, तुटला होता! माझा दोर तुटला होता!"

"काय म्हणलाव?"

"पंचवीस वर्षं झाली. माणिक पिलेला नव्हता. दोर सडका होता, मला ठावं होतं. ती ओळ परत घाला!"

तो माझ्याकडं बघत राहिला. रागावला नाही. पिशवीचा बंद सोडायला लागला आणि गाडी हलली. मी गज सोडला. शेवटचं दिसलं ते एवढंच की कागद मांडीवर उघडे होते आणि त्याची मान खाली होती. लिहीत होता की नुसता बघत होता, ते काही मला कळलं नाही. गाडी हुमनाबादच्या रस्त्याला लागली.

मागं वळलो. हॉटेलात चार-पाच माणसं बसलेली होती आणि कुणीही चहा पीत नव्हतं. शंकरच्या हातातली गाळणी पातेल्यावर तशीच धरलेली होती आणि दूध उतू जात होतं.

"काका," तो म्हणाला, "आत्ता काय म्हणलाव तुमी?"

गावाकडचा रस्ता मोकळा होता. मी त्याच्या बाकड्यावर जाऊन बसलो.

"ग्यास बंद कर, शंकर," मी म्हणालो. "पहिल्यापासून सांगतो."