पायरीवरचा पाय

"पाय आत आणू नको. पायरीवरच ठेव."

सौंसरचा डॉक्टर खुर्चीवरूनच बोलला. माय भिंत धरून उभी. बाकावरच्या बायांनी पदर नाकाला लावला. डॉक्टर वाकला नाही. कंपाउंडरनं उभ्या उभ्याच वरून जखमेवर पांढरी भुकटी सोडली.

"अनवाणी हिंडता, मग सडतं. तुमच्या लोकांचं असंच."

ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. मी आठवीत होती.

माय रामाकोन्याकडच्या बागेत संत्र्याच्या तोडणीला जायची. तिथंच तळव्यात काटा मोडला. तिला कळलंसुद्धा नाही. रक्त पाहून मी ओरडली, तर हसली. "दुखत नाही व. काहाची जखम?"

ते न दुखणंच घात करून राहिलं होतं. तिला सारखी तहान लागायची, सारखी लघवीला जायची. कोणी विचारलं नाही. बागेचा मालक म्हणायचा, "चालून राहिली ना? मग झालं."

भुकटीखाली जखम आत आत गेली. अंगठा निळा झाला. मग काळा. घरात वास मावेना.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई चिडल्या. "साखर आहे हिला. लघवी तपासली नाही? जखम उघडून धुतली नाही कोणी?"

माय म्हणाली, "हातच नाही लावला कोणी, बाई."

गुडघ्याखालून पाय कापला. शुद्धीवर आली तशी माय मले विचारते, "कुठं टाकला व माझा पाय?"

पुढच्या उन्हाळ्यात उरलेल्या पायाच्या टाचेवर फोड आला. आमच्या गावाले जवळ तोच डॉक्टर. मी मायले धरून सरळ आत नेलं. टेबलावर बसवलं. फडकं सोडलं.

"बाहेर घे तिला!"

"नाही. एक पाय तुमी पायरीवर ठेवला, तो गेला. हा हात लावून पाहा."

बाया उठून गेल्या. माय माझी ओढणी ओढे. "चाल व पोरी." पण मी दार अडवून उभी राहिली.

शेवटी त्यानं तोंड फिरवून फोड कापला. पू निघाला. धुतला. लघवी तपासली. तो पाय राहिला.

मी त्याले नमस्कार केला नाही.

आता वस्तीत कोणाच्या पायाले चीर पडली, की मी त्याले त्याच दवाखान्यात घेऊन जाते. जखम धुतल्याशिवाय उठत नाही. परवा एका पोराचा पाय टेबलावर ठेवला, तर तिथला आताचा डॉक्टर म्हणाला, "बाहेर नेला नाही, तर पोलीस बोलावीन."

"बोलवा," म्हटलं. "पोलिसासमोरही हा पाय टेबलावरच राहील."