जागचं हलायचं नाही

मुलीचा गणिताचा वर्ग संध्याकाळी असे, पुण्यात तेव्हा दुपार असायची. वर्ग म्हणजे एक संगणक, त्याच्यावर चिमट्याने अडकवलेला कॅमेरा आणि पडद्यात पुण्याच्या एक निवृत्त शिक्षिका. आम्ही तेव्हा जपानात हिगाशी-कसाईला राहत होतो, आठव्या मजल्यावर. नवऱ्याचं कंत्राट वर्षभरात संपणार होतं. मुलगी जपानी शाळेत तिसरीत होती. पाढे जपानीत म्हणायची आणि शाब्दिक उदाहरण मराठीत वाचून दाखवलं तर गप्प बसायची. पुण्याच्या शाळेत प्रवेश घ्यायचा तर हा वर्ग हवाच होता.

बाईंचा एक नियम होता. पुण्यात रोज लोडशेडिंग होई, वर्ग चालू असताना वीज जाई आणि पडद्यावरचं चित्र गोठे. परदेशातली मुलं तेवढ्यात उठून टीव्हीसमोर जातात, पुन्हा हाती लागत नाहीत, हा बाईंचा अनुभव. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "चित्र थांबलं की जागचं हलायचं नाही. इन्व्हर्टर चालू झाला की मी येतेच." मुलीने नियम पाळला. मी निर्धास्त झाले. स्टेशनजवळच्या भारतीय किराणा दुकानात मी बाइतो करत होते, म्हणजे तासांवरची नोकरी. वर्ग चालू असताना मी दुकानात असे. मुलगी घरी एकटी आहे असं मला तेव्हा वाटत नसे. ती बाईंसमोर आहे असं वाटे.

त्या दिवशी मी दुकानात डाळीची पाकिटं लावत होते. आधी फळी वाजली, मग बरण्या. नेहमीचा धक्का असेल म्हणून सगळे थांबलो, पण तो थांबेना. मालक ओरडला, "दिव्यांपासून लांब व्हा!" हलणं थांबल्यावर मी घरी फोन लावला. लाइन लागली नाही. ॲप्रन अंगावरच ठेवून मी धावत सुटले.

रस्त्यात काहीही पडलेलं नव्हतं. लोक फोनकडे बघत उभे होते, सिग्नल चालू होते. त्यानेच भीती वाढली. बाहेर सगळं जागेवर असताना घरात काय झालं असेल, याचा अंदाज करायला हाताशी काहीच नव्हतं. लिफ्ट अशा वेळी आपोआप बंद होते. मी जिन्याने चढले. कुलपात किल्ली पहिल्यांदा गेली नाही.

मुलगी खुर्चीत बसलेली होती. पाठ ताठ, हात मांडीवर. शेल्फवरचा प्रिंटर तिच्या खुर्चीच्या शेजारी जमिनीवर पडला होता, इतका जवळ की त्याचा ट्रे तिच्या चपलेवर होता. पुस्तकं सगळीकडे. पडद्यावर बाईंचा चेहरा, अर्धवट उघडलेल्या तोंडाने, गोठलेला.

"आई, पुण्यातली लाइट गेलीय," ती म्हणाली.

"अगं, जिशिन झाला ना! भूकंप! कळलं नाही तुला?"

"कळलं."

"मग टेबलाखाली का नाही गेलीस? शाळेत काय शिकवलंय?"

"शाळेत सेन्सेई सांगतात, मग जायचं."

"आणि इथे?"

तिने पडद्याकडे बोट दाखवलं. "बाईंनी नाही सांगितलं."

मी तिला उचललं तेव्हा ती रडायला लागली. माझा चेहरा बघून रडली असावी. तोवर रडलेली नव्हती.

पुण्यात वीज गेलेलीच नव्हती. शेल्फबरोबर आमचाच मोडेम खाली आला होता आणि वायर निघाली होती. मी ती पुन्हा लावली. थोड्या वेळाने बाईंचं तोंड मिटलं, चेहरा हलला.

"आली का तुमची लाइट? जपानातही लोडशेडिंग! आता तुम्ही खरे पुणेकर झालात बघा!"

"बाई, भूकंप झाला इथे."

"अगंबाई! कधी?"

"आत्ता. तुमच्यासमोरच."

त्यांचा आवाज उतरला. "मला काहीच दिसलं नाही हो. ती नुसती फोटोसारखी बसली होती. मी म्हटलं, पोर शहाणी आहे, थांबलीय. म्हणून मीपण थांबले."

म्हणजे मी धावत येत होते तेवढा वेळ त्या दोघी एकमेकींच्या गोठलेल्या चित्रासमोर बसून वाट बघत होत्या.

टीव्हीवर पट्टी सरकत होती: जीवितहानी नाही. पुण्यात वर्तमानपत्रात असताना मी हे दोन शब्द अनेकदा लिहिले होते. बातमी बरोबर होती. मी प्रिंटर उचलून बघितला. दोन हातांनीही जड होता.

नवरा फोनवर म्हणाला, "वर्ग बंद करू या का?" आणि लगेच स्वतःच म्हणाला, "पण मग ॲडमिशनचं काय?" दोघांनाही उत्तर ठाऊक होतं. मी दुकानात तास बदलून मागितले. मालक बघतो म्हणाला.

पुढच्या वर्गाला मी रजा घेऊन घरीच थांबले. बाई तयारीने आल्या होत्या. आधी मुलीला म्हणाल्या, "हे बघ बाळ, हललं की उठायचं. मला विचारायचं नाही. कळलं?" मुलीने मान हलवली. शाळेत काहीही सांगितलं तरी अशीच मान हलवते, हे मी पालकसभेत पाहिलं होतं. मग बाई मला म्हणाल्या, "आणि तुम्ही एक करा. कॅमेऱ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवा, अर्धा भरून. पाणी हललं की मी इथून ओरडते. तुम्ही दुकानात असलात तरी माझं लक्ष राहील."

कल्पना चांगली होती. मी ग्लास ठेवला, मागे पांढरा कागद लावला, मुलीला बाजूला घेतलं.

"दिसतोय का, बाई?"

आमचा आवाज तिथे पोहोचून त्यांचा परत यायला नेहमीसारखाच उशीर लागला.

"छान दिसतोय."

मी दोन्ही हातांनी टेबल धरून गदागदा हलवलं. पाणी काठावरून सांडलं, कागद भिजला, एक ओघळ कीबोर्डकडे गेला. मी थांबले आणि पडद्याकडे बघत राहिले. बाई चष्मा सावरून पुढे वाकल्या होत्या. डोळे अगदी कॅमेऱ्याजवळ आले होते.

"हं," त्या म्हणाल्या, "आता हलवा."