पडद्यामागची ओवी

घरात पाहुणे जमले आणि चहा व्हायला उशीर लागला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, तुमच्या त्या बँडचं सांगा की." बँड म्हटलं की लोकांना लाल कोट घालून वरातीपुढे चालणारी माणसं आठवतात. आमचा तसा नव्हता. आम्ही बसून वाजवायचो. उभं राहून वाजवण्याइतका दम निदान माझ्यात तरी कधीच नव्हता.

मोठा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली असतील. माझा थोरला चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, कुपवाडला एका कारखान्यात लेथवर होता. मी शेजारच्या शेडमध्ये माल मोजून घ्यायला. दादाचा गळा चांगला. माझी पेटी बरी. "बरी" हे माझं मत; बायकोचं वेगळं आहे. बुलबुलतरंग वाजवायला एक दोस्त मिळाला, आणि सांगलीतल्या गणपतींत, लग्नांत आम्ही सिनेमाची गाणी म्हणू लागलो. तशी गाणी म्हणणारे गल्लोगल्ली होते, आणि बहुतेक जण आमच्यापेक्षा बरे म्हणायचे.

एकदा कवठे महांकाळकडच्या एका जत्रेत आमचा कार्यक्रम होता. भर दुपारी वीज गेली, माईक मुका झाला, आणि समोरची माणसं अंग झटकून देवळाकडे निघून गेली. तिथे एक धनगर मामा ढोल मांडीशी धरून ओवी गात होते. त्यांना माईक लागत नव्हता, वीज लागत नव्हती, आणि आम्ही तर अजिबातच लागत नव्हतो. दादा ऐकायला बसला तो उठेचना. परतीच्या एसटीत म्हणाला, "गड्या, दुसऱ्यांची गाणी किती दिवस म्हणायची? ह्या ढोलाला पेटी लावू, बुलबुल लावू. आपलं सोताचं कायतरी करू."

मला वाटलं, मामा नाही म्हणतील. पण हौसेला मामाही कमी नव्हते. त्यांनी मेंढरं थोरल्या मुलावर सोपवली, नवा तांबडा पटका घेतला आणि एकच विचारलं, "पोस्टरवर माजा फोटू छापनार का?"

त्यांची अटही एकच होती. ओवीत आधी देवाला बोलवायचं. तो येऊन बसला, की गोष्ट सांगायची. शेवटी त्याला त्याच्या डोंगरावर पोचवायचं. मध्येच सोडायचं नाही.

"पावण्याला घरी बोलवायचं आन् आपुनच उठून जायाचं, आसं करत्यात व्हय?" मामा म्हणाले.

आम्ही जोरजोरात माना हलवल्या. तेव्हा आमच्या ओव्या ऐकायला लोकांना वेळ होता आणि आम्हाला बोलावणारं फारसं कुणी नव्हतं, त्यामुळे अट पाळणं सोपं होतं.

पण आम्ही चाललो. विटा झालं, तासगाव झालं, साखर कारखान्यांच्या वसाहती झाल्या. दादाने लेथ सोडला. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. मी दिवसा माल मोजायचो आणि रविवारी, सुट्टीला एसटीत बसायचो. ढोल टपावर चढवायचा नाही, असा मामांचा नियम होता. म्हणून ढोल मामांच्या मांडीवर, मामांचं गाठोडं माझ्या मांडीवर आणि पेटी पायांत. नाव होत होतं आणि माझी कंबर जात होती. घरी बायको म्हणायची, "तुमी कारखान्यात दमता का गाण्यात, तेवढं कळू द्या. त्या मापानं भाकरी टाकते."

मग साताऱ्याचं बोलावणं आलं. नाट्यगृहात, खुर्च्या-पडद्यासकट. आमच्यापैकी कुणीच त्याआधी पडद्यामागे बसलं नव्हतं. कार्यक्रम ठरवणारे सेक्रेटरी लष्करातून निवृत्त झालेले. आल्याआल्या म्हणाले, "टाइम म्हंजे टाइम. मधी मोठे पावणे येनार हायेत. त्यांना सिनेमाची गानी लागत्यात. तेवढा ढोलाचा आयटम झटक्यात उरका. पावणे खूश झाले, तर पुढं पुन्यापतुर तुमचे कार्यक्रम लावतो."

दादाचं सगळं त्यावरच होतं. घरी दोन मुलं, आणि लेथवर आता दुसराच कुणी उभा होता. त्याने मामांना बाजूला घेतलं. "मामा, आज देवाला बोलवूच नका. गोष्टीच्या मधनंच सुरू करा. बोलावलाच न्हाई, तर पोचवायला नको."

"मग ऐकायला कोन बसनार?"

"लोकं बसत्यात की!"

"लोकं तर आमच्या गावात बी हायेत. त्यास्नी सोडून मी हितवर कशाला आलो?"

"मामा, आजच्या दिवस."

"बघू," म्हणून मामांनी पटका सारखा केला.

पडदा वर गेला. समोर खच्चून भरलेलं नाट्यगृह. मामांनी ते डोळे भरून पाहिलं, ढोलावर थाप टाकली आणि खड्या आवाजात देवाला बोलावलं. सवयीने बोलावलं, की एवढी मोठी बैठक त्याला दाखवायच्या हौसेने, ते मला आजही सांगता येणार नाही. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी पेटीकडे पाहिलं. आता ही ओवी तिच्या वेळेलाच संपणार, हे आम्हा दोघांनाही कळलं.

लोक ऐकत होते, खोटं कशाला बोलू. पण बाजूला उभे राहून सेक्रेटरी मनगटावर बोट आपटत होते. तेवढ्यात मोठे पाहुणे आले, पहिल्या रांगेत उठाबस झाली, आणि मामा देवाला अजून निम्म्या वाटेत घेऊन चाललेले असताना पडदा खाली आला.

दादा उठला. माईक घेऊन पडद्याबाहेर गेला. त्याच्यामागे बुलबुलवाला. बाहेर सिनेमाचं गाणं सुरू झालं. आत मामा, डोळे मिटलेले, गातच होते. दोन्हींचे सूर एकमेकांच्या अंगावर येत होते, आणि मी मधे पेटी धरून बसलेलो. मीही उठणारच होतो. पण उजव्या पायाला अशा मुंग्या आल्या होत्या, की तो पाय माझा आहे हेच मला पटेना. मग बसल्या बसल्या मी मामांचा सूर धरला.

मामांनी देवाला डोंगरावर पोचवलं, ढोलाला कपाळ टेकलं आणि डोळे उघडले.

"पेटीवालं, तुमी थांबला."

"मामा, पायाला मुंग्या आल्यात."

"मुंग्या तर मुंग्या," म्हणत त्यांनी ढोल फडक्यात बांधायला घेतला.

मी लंगडत त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. सांगलीची गाडी लागलेली होती. मध्यंतर झाल्यावर दादा पळत आला. गळ्यात पाहुण्यांनी घातलेला हार तसाच.

"मामा, पुढच्या बारीला पडदा पाडू देनार न्हाई. शब्द देतो."

"पडद्याचं काय न्हाई गा. पडद्यामागं बी देव बसतोय. तुमी उठला."

दादाने गळ्यातला हार काढून हातात घेतला. मग हळूच म्हणाला, "मी नोकरी सोडलीया, मामा."

"ठावं हाय मला. म्हनून तर रागं भरलो न्हाई." त्यांनी ढोल आधी गाडीत चढवला, मग स्वतः चढले. परत कार्यक्रमाला ते आले नाहीत. आम्हीही त्यांना आणायला गेलो नाही. तारखा खूप लागल्या होत्या.

हो, पुण्यापर्यंत गेलो आम्ही. ढोलाच्या जागी बोंगो आला; तो टपावर चालायचा. पोस्टर संपेपर्यंत त्यावर मामांचा फोटो राहिला, आणि लोक विचारायचे, हे कुठे आहेत? दादा सांगायचा, बरं नाही त्यांना. ओवीची चाल मात्र आम्ही ठेवली होती. देवाला न बोलवता, गोष्टीच्या मधूनच सुरू करायचो. टाळ्या पडायच्या, कधी कधी वन्समोरही यायचा. पण ती गोष्ट कुठे संपवायची, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पुरे झालं असं वाटलं, की दादा हात वर करायचा, आणि आम्ही थांबायचो.