निडीपर्यंतचा चार्ज

या सदरात छापून येणारे अनुभव मी वाचतो ते हसायला म्हणून. पांढरी साडी, घाटातलं वळण, आपोआप बंद पडलेली गाडी... गाडी आपोआप बंद पडत नसते. पेट्रोल संपलेलं असतं, नाहीतर कॉइल तापलेली असते. पस्तीस वर्षं मी पेणला रामवाडीत गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. हायवेवर बंद पडलेल्या शेकडो गाड्या पाहिल्या. कुणा बाईनं हात दाखवला म्हणून बंद पडलेली त्यांत एकही नव्हती. तेव्हा मला त्या रांगेत बसवू नका. मी लिहितोय ते एका माणसाचं नाव मी खराब केलं म्हणून, आणि ते अजून खराबच आहे. मधे एक गोष्ट घडली जी मला कळलेली नाही. ती गाळली तर पुन्हा अर्धंच खरं सांगितल्यासारखं होईल, म्हणून तीही लिहितो.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. पेणला एक वकीलसाहेब होते. नाव देत नाही, घरचे लोक आहेत अजून. जमिनी कधीच कुळांकडे गेल्या होत्या; उरली होती ऐट, आणि वडिलांनी स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत घेतलेली काळी विलायती मोटार. तिला ‘गाडी’ म्हटलेलं त्यांना खपत नसे. ‘मोटार’ म्हणायचं. पुसायला वेगळं फडकं, बसायला वेगळी चप्पल. असल्या माणसांची मला तेव्हाही कीव येत नसे, नुसता राग यायचा.

या मोटारीचं विजेचं सगळं काम पंधराएक वर्षं गणूदादा बघायचा. गणूदादा रोह्याजवळच्या निडीचा. गावात थोडी भातशेती, आणि रोह्याला स्टँडजवळ पत्र्याची टपरी, तिथे डायनॅमोची जळलेली तार नव्यानं गुंडाळून द्यायचा. शाळा चौथीपर्यंत. डायनॅमो वीज तयार करतो आणि बॅटरीत ती किती जाऊ द्यायची हे रेग्युलेटर ठरवतो. जुन्या रेग्युलेटरच्या डब्यात बारीक पॉइंट असतात, ते गाडी चालू असताना सारखे उघडमीट करतात, त्याची गुणगुण येते. गणूदादाकडे मीटर नव्हता. तो डब्याला कान लावायचा, गुणगुण ऐकायचा आणि स्क्रू पाव आटा फिरवायचा.

मी डिप्लोमावाला. डब्याला कान लावणारा माणूस बघून मला हसू आवरायचं नाही.

वकीलसाहेबांना मीच पटवलं की आता इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर येतो, तो बसवू. त्यांची अट एकच, बॉनेट उघडल्यावर सगळं जुनंच दिसलं पाहिजे. तेव्हा मी जुन्या डब्याच्या आतलं सगळं उपटून काढलं आणि त्याच डब्यात नवा रेग्युलेटर बसवला. पण त्या विलायती मोटारीत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली असते, नव्या रेग्युलेटरला मायनस लागते. म्हणून बॅटरी उलटी फिरवायची होती.

त्याच दिवशी गणूदादा नव्यानं गुंडाळलेला डायनॅमो गोणपाटात बांधून, मांडीवर घेऊन एस.टी.नं आला. त्यानं स्वतः तो बसवला, मग माझं काम बघत उभा राहिला. म्हणाला, “बॅटरी फिरवलीस ना पोरा, मंग डायनॅमोला बी शिकवाया लागंल. बॅटरीच्या वायरची एक टिचकी दे त्याला. नायतर तो उलटाच वाहत राहील.”

“दादा, शिकवायला ही काय बालवाडी आहे?” मी म्हणालो. गॅरेजमधले चौघं खो खो हसले. गणूदादा गोणपाटाची घडी करून परत स्टँडकडे गेला.

आता सांगतो. तो म्हणाला ते बरोबर होतं. पुस्तकातही आहे. टिचकी म्हणजे क्षणभर वायर टेकवायची, बारीक ठिणगी पडते, आणि डायनॅमो नव्या दिशेनं वीज देऊ लागतो. मला ते माहीत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकलं म्हणून त्याच्यासमोर करायचं नाही असं ठरवलं. तो गेल्यावर करणार होतो. तो गेल्यावर विसरलो.

दोन दिवसांनी वडखळजवळ मोटारीच्या बॉनेटमधून धूर आला. ओढत आणलेल्या मोटारीचा डबा उघडला, जळका वास आला आणि मला लगेच कळलं. वकीलसाहेब शेजारी उभे होते. मी सांगितलं, “डायनॅमो चुकीचा गुंडाळलाय, त्यानं रेग्युलेटर खाल्ला.” एवढंच एक वाक्य.

साहेब दुसऱ्याच दिवशी रोह्याला गेले आणि भर बाजारात टपरीसमोर उभं राहून गणूदादाला काय काय बोलले. अडाणी, चोर, वडिलांच्या मोटारीचं वाटोळं केलंस. गणूदादा म्हणे मान खाली घालून ऐकत होता. महिन्याभरात टपरी बंद झाली. वकिलाची मोटार जाळणाऱ्याकडे काम कोण देणार? हे मला रोह्याच्या एका ट्रकवाल्यानं हसत हसत सांगितलं. मीही हसलो.

नवा रेग्युलेटर मुंबईहून यायला वेळ लागणार होता. तेवढ्यात साहेबांच्या घराच्या अंगणात बांधकाम निघालं, मोटार रोह्याला बहिणीकडे नेऊन ठेवायची ठरली. मी जळका रेग्युलेटर काढून टाकला. डबा रिकामा. डायनॅमोच्या दोन्ही वायरी सोडवून त्यांना टेप गुंडाळला. बॅटरी पूर्ण चार्ज केली. दिवसाउजेडी, दिवे न लावता रोह्यापर्यंत तेवढी पुरते. दुपारी दोनला एकटाच निघालो.

कासू गाव गेल्यावर लक्ष गेलं तर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा काटा प्लसमध्ये. म्हणजे बॅटरी चार्ज होतेय. वायरी सोडवलेल्या असताना हे होऊच शकत नाही. काटा अडकला असेल म्हणून डॅशवर थापटी मारली. मग हेडलाइट लावले. काटा खाली आला, आणि सावकाश परत प्लसला गेला. अडकलेला काटा असं करत नाही.

नागोठण्याला, चहाच्या टपरीसमोर, भर उन्हात बॉनेट उघडलं. इंजिन चालू होतं. डब्यातून गुणगुण येत होती. पॉइंटची... मी झाकण काढलं. आत काही नाही, तळाला थोडी काजळी. वायरींचा टेप जसाच्या तसा. बॅटरीला मीटर लावला. चौदा व्होल्टच्या थोडं वर. थ्रॉटल ओढला, रेस केली, तरी तेवढंच. चांगला रेग्युलेटर जसं धरून ठेवतो तसं. इंजिन बंद करून दिवे लावले तर काटा मायनसला — म्हणजे काट्याच्या वायरीही मी उलट्या लावलेल्या नव्हत्या. चहावाला विचारत होता, काय झालं. मी म्हटलं, काही नाही.

रोह्याच्या रस्त्याला लागलो तो निडीकडे वळायचं ठरवूनच. त्याला सांगायचं, दादा, माझी चूक झाली. वाक्य मी तोंडात घोळवत होतो.

गणूदादा खळ्यात बाजेवर बसला होता. महिन्या-दोन महिन्यांत निम्मा झालेला. मी इंजिन बंद करायला गेलो तर त्यानं हात केला, “ऱ्हाऊ दे, चालू ऱ्हाऊ दे.” उठला, बॉनेट उघडायला लावलं, आणि डब्याला कान लावून वाकला. बराच वेळ. झाकण उघडायला सांगितलं नाही.

“पॉइंट कुनी लावलं?”

आत पॉइंट नाहीत हे मला माहीत होतं. “मीच,” मी म्हणालो.

“त्या दिशी टिचकी दिलीस?”

“दिली.”

तो सरळ झाला, हात लुंगीला पुसले. “मंग माजंच गुंडालनं चुकलं आसंल तवा. वकील खोटा नाय बोलला. नजर गेली ना माजी.” मग आत बघून म्हणाला, “पानी आन गो, पेणचा मिस्त्री आलाय.”

त्याच्या बायकोनं तांब्या आणला. मी पाणी प्यायलो आणि निघालो.

निडी मागे पडलं आणि काटा मायनसला आला, तो रोह्यापर्यंत तिथेच. पुढे तीनदा मी मुद्दाम वायरी सोडवून त्याच रस्त्यानं ती मोटार नेली. काही झालं नाही. कंपनीतल्या एका इंजिनिअर मित्राला विचारलं, तो म्हणाला, तुझा मीटर खराब असेल. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं.

पुढच्या आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधी गणूदादा गेला. तोवर टपरी बंद झाल्यावरही रोह्याची जी दोन-चार गिऱ्हाइकं त्याच्या घरी येत, ती माझ्याकडे यायला लागली होती. म्हणायची, गणूदादानं धाडलंय, पोरानं चांगलं शिकून घेतलंय म्हणतो.

ती मोटार आता साहेबांच्या नातवाकडे आहे. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात तो तिच्यासमोर एक पाटी ठेवतो. तिच्यावर मोटारीचा इतिहास, आणि त्यात एक ओळ — ‘रोह्याच्या एका अडाणी मिस्त्रीने डायनॅमो चुकीचा गुंडाळल्याने मोटार जळता जळता वाचली.’ लोक वाचतात, हसतात, फोटो काढतात. त्यानं ती ओळ खोडावी. डायनॅमो बरोबर गुंडाळलेला होता. तोच डायनॅमो टिचकी दिल्यावर पुढे वीस वर्षं चालला. चूक माझी होती, आणि साहेबांना खोटं मी सांगितलं होतं.

काटा प्लसला का गेला, हे मला आजही सांगता येत नाही. भूत मी मानत नाही, आणि गणूदादा तेव्हा जिवंतच होता. ‘दिली’ असं मी का म्हणालो, ते मात्र सांगता येतं. त्या खळ्यात तो आणि त्याची बायको यांच्याशिवाय कुणीही नव्हतं, आणि त्या दोघांपुढेसुद्धा मला कमीपणा घ्यायचा नव्हता.